बफ घ्या, पण पंचा टाकू नका

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत, गाडी लावायला जागा शोधावी लागते. हेल्मेट निघालं की अनेकांचा हात आधी गळ्याशी जातो. स्वारगेटपासून नाकावर असलेली कापडी नळी खाली ओढायची, मोकळा श्वास घ्यायचा आणि चढाला लागायचं. अर्ध्या वाटेत तीच नळी घाम अडवायला कपाळावर चढते, उतरताना मनगटाला गुंडाळली जाते. कंपनी कोणतीही असो, सगळे तिला 'बफ'च म्हणतात. कॉपी कुठल्याही यंत्रावर काढली तरी ती झेरॉक्सच, तसं.

मूळचा बफ स्पेनचा. कॅटलोनियातल्या इगुआलादा गावच्या जोआन रोखास या मोटरसायकलवेड्या गृहस्थाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आणला. म्हणजे मूळ गरज डोंगराची नव्हती, दुचाकीवर तोंडावर येणाऱ्या वाऱ्याची होती. अशी वस्तू पुण्यात रुजली नसती तरच नवल! इथल्या मुली बफ इथे यायच्या आधीपासून तुळशीबागेतली ओढणी डोळ्यांपर्यंत घट्ट बांधून लक्ष्मी रोडवर स्कूटी चालवत होत्या.

तक्रार आहे ती निवडीबद्दल. बुटांचा तळ वाकवून पाहणारा, सॅकचे पट्टे दहा वेळा ओढून बघणारा ट्रेकर बफ मात्र नक्षी पाहून उचलतो. मग हिवाळ्यातल्या सेलमध्ये घेतलेला, आतून लोकर लावलेला जाड बफ मार्चमध्ये राजगडावर गळ्यात फास होऊन बसतो.

सह्याद्रीसाठी पातळ, एकपदरी, बिनशिलाईचा पॉलिस्टर बफ बहुतेक वेळा पुरतो. पावसाळ्यात त्याला तोड नाही: पिळला, झटकला, पुन्हा चढवला. सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर ओलं राहतं. मेरिनो लोकरीचा बफ उत्तम, त्याला घामाचा वासही लवकर लागत नाही. पण ती चैन डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करणाऱ्यांनी किंवा हिमालयात जाणाऱ्यांनी करावी. तोरण्याच्या एका दिवसाच्या वारीला ती कशाला?

दुकानात दोन गोष्टी करून पाहाव्यात. बफ नाकावर ओढून दुकानाचा जिना भरभर चढावा. दुसऱ्या मजल्यावर गुदमरायला झालं तर गडाच्या चढावर काय होईल हे कळतंच. आणि तो ताणून उजेडासमोर धरावा. वेष्टनावर यूपीएफ 50 लिहिलेलं असेल तर अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येतो, पण कापड ताणलं की विणीची भोकं मोठी होतात आणि हा हिशेब बिघडतो. डोक्याला फार घट्ट बसणारा बफ म्हणूनच नको. रंग फिकट घ्यावा. काळा उन्हात तापतो. रस्त्यावरची धूळ बफ थोडीफार अडवतो, धुरातले सूक्ष्म कण नाही. त्याला मास्क समजू नये.

एप्रिलमध्ये मात्र गणित उलटतं. देशावरची हवा कोरडी असते, त्यामुळे मानेवर टाकलेला ओला सुती पंचा पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि मान गार राहते. पातळ बफ दहा मिनिटांत वाळतो आणि गारवा संपतो. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तिथे पाणी फार हळू उडतं. (पंचा बाटलीतल्या पाण्याने भिजवावा. गडावरच्या टाक्यांचं पाणी लोक पितात, त्यात फडकी बुडवणाऱ्यांना काय म्हणावं?)

शिवाय पंचा उलगडतो. हात मुरगळला तर त्याची झोळी होते, आग्या मोहोळ उठलं तर डोक्यावरून ओढून घेता येतो. बफची नळी उलगडत नाही; झोळीला ती तोकडी पडते.

सिंहगडावर दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायकांकडे एकदा थांबून पाहावं. वर पोचल्यावर मडकं खाली ठेवतात, डोक्यावरची चुंबळ सोडतात, त्याच फडक्याने तोंड पुसतात, ऊन चढलं की तेच कपाळावर ओढतात. आणि समोर उभा असलेला, रंगीत बफवाला पाहुणा विचारतो, "मावशी, ताक कसं दिलं?"