विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. लासलगावच्या शेजारीच विंचूर असल्यामुळे आमच्या घरी ती थोड्या थट्टेनेच वापरली जाते. यंदा मात्र ती अगदी शब्दशः खरी होण्याची वेळ आमच्यावर आली. आमच्या काकांनी एक लहानशी मोटार घेऊन तिच्यात बिऱ्हाड थाटण्याचे मनावर घेतले. झोपायला गादी, चुलीला गॅस, पाण्याची टाकी, एक पंखा, एक दिवा आणि खाली चार चाके! इंग्रजीत याला मोटारहोम म्हणतात. आमच्या आजीने त्याचे साधे नाव ठेवले, 'फिरते घर'. आणि लगेच पुस्ती जोडली, "घर फिरलं की वासेही फिरतात, हे ध्यानात ठेवा."

वाचक म्हणतील, कांद्याच्या गावाला हा कसला छंद? पण काकांची बाजू आधी ऐकावी. त्यांनी एकतीस वर्षे एस.टी. चालवली. महाराष्ट्राचा असा जिल्हा क्वचितच असेल की जिथला रस्ता त्यांना ठाऊक नाही. पण ते सारे पाहिले समोरच्या काचेतून. गाव आले, घंटी झाली, गाव गेले. मुक्कामी गाडी असली की रात्री बाकावर अंग टाकायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. ते म्हणतात, "मी सगळीकडे गेलो, पण कुठं थांबलो नाही." निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर थांबावेसे वाटणे यात चूक ती काय?

दुसरे कारण काकू. गुडघे धरलेले, त्यात मधुमेह. एस.टी.चा चार तासांचा प्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी पिणे कमी करतात. का, ते आमच्या भगिनीवर्गाला सांगायला नको आणि बंधुवर्गाने विचारही करून पाहिलेला नसतो. गाडीतच सोय असली तर काकूला कोकण दाखवता येईल, पंढरपूर घडेल, असे काकांचे म्हणणे.

वडिलांचे मत निराळे. जुनी गाडी आणि आतली बांधणी मिळून साडेपाच लाखांचा आकडा पुढे आला. तेवढ्यात आपली कांदाचाळ पक्की होते, असे ते म्हणाले. त्यांचेही चूक म्हणवत नाही. उन्हाळ कांदा चांगल्या चाळीत चार-पाच महिने टिकतो आणि भाव येईपर्यंत शेतकऱ्याला दम धरता येतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती 2024 च्या मे महिन्यात खुली झाली. उरलेले शुल्क 1 एप्रिल 2025 ला उठले. या दीड वर्षाहून अधिक काळात बाजार समितीच्या आवारात पडलेले चेहरे ज्याने पाहिले त्याला चाळीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पैसे काकांचे खरे, पण घर एकत्र. म्हणून प्रश्न घरासमोर आला आणि 'तू शिकतेस ना, तूच सांग' म्हणून माझ्या गळ्यात पडला.

मी वही घेऊन बसले. पहिले गणित दिवसांचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपे, डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च-एप्रिलमध्ये काढणी, मग लग्नसराई. वर्षात वीस दिवस घराबाहेर काढले तरी पुष्कळ. लॉजच्या खोलीला रात्रीचे बाराशे रुपये धरले तर वीस रात्रींचे चोवीस हजार. म्हणजे साडेपाच लाख वसूल व्हायला जवळजवळ तेवीस वर्षे! तेच पैसे सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेअडतीस हजार व्याज येईल. नुसत्या व्याजात खोलीचे भाडे भागून गाडीभाड्यालाही काही उरते. विमा, टायर, दुरुस्ती हे तर मी धरलेच नाही.

दुसरे गणित वजनाचे. अशी लहान व्हॅन माणसांसकट सहाशे किलोंच्या आसपास भार पेलते. आपल्या भाषेत कांद्याच्या बारा गोण्या. त्यात चार माणसे बसली की पाच गोण्या संपल्या. पन्नास लिटर पाणी घेतले की आणखी एक. मग पलंगाच्या फळ्या, बॅटरी, शेगडी, सिलिंडर, भांडी, अंथरुणे. घर म्हटले की सामान वाढते, आणि चाकांना ते कळते.

तिसरे गणित विजेचे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे पुरती भरली तर सव्वा युनिटाच्या आत वीज. दिवा आणि लहान पंखा तिच्यावर रात्रभर सुखाने चालतात. पण एक टनाचे वातानुकूलन यंत्र तेवढी वीज तासा-दीड तासात गिळते. तेव्हा मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात थंडगार झोपण्याचे स्वप्न लहान गाडीवाल्याने पाहू नये.

चौथी गोष्ट कायद्याची. जुनी गाडी घेऊन गॅरेजात हवी तशी कापायची, असे काकांच्या मनात होते. पण निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केलेले आहे. छत उंच करणे, सांगाडा कापणे हे परवानगीवाचून केले तर नोंदणी अडते आणि अपघातात विम्याचा दावाही अडतो.

एवढे झाल्यावर 'घेऊ नये' असे लिहून मी वही मिटणार होते. परंतु मनाला ते पटेना. हौसेला मोल नसते म्हणतात. आणि काकूच्या चार तासांच्या तहानेचे व्याज कोणत्या बँकेत काढायचे?

शिवाय फिरते घर ही काही साहेबांची नवलाई नव्हे. कॅराव्हॅन हा शब्दच मुळी फारसी कारवाँवरून गेलेला. आपला शब्द तांडा. युरोपात हौसेखातर बांधलेली पहिली घरगाडी 1885 ची समजतात, आणि मोटारीत पलंग-शेगडी बसवलेली फोक्सवॅगन जर्मनीत 1951 पासून निघू लागली. त्याच्या कितीतरी आधीपासून बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून हा देश तुडवीत होते. दिवाळीनंतर आपल्या निफाड तालुक्याच्या काळ्या रानात मेंढ्या बसवायला धनगर येतात. त्यांच्या घोड्यावर अंथरूण, भांडी, कोंबड्या आणि वर एखादे पोर असा सगळा संसार असतो. तेही फिरते घरच.

येथे मात्र एक विचार छळतो. ज्यांचे घर पाठीवर होते त्यांतल्या कित्येक जमातींना 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो डाग कायद्यातून पुसला गेला 1952 साली, आणि लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये आले तेव्हा स्थिर घरातल्या वाचकाला बिऱ्हाड पाठीवर असण्याचा अर्थ कळला. त्याच महाराष्ट्रात 2021 मध्ये शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात अशा गाड्यांसाठी वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ उभारण्याची कल्पना आहे. कल्पना चांगलीच आहे. पण गावाबाहेर पाल पडले की 'कोण तुम्ही?' असे दरडावणारे आपण, गाडीतून कोणी उतरले की 'या, बसा' म्हणू, हा फरक बोचल्याशिवाय राहत नाही. फिरते घर घेणाऱ्याने निदान एवढी जाणीव ठेवावी, असे मला वाटते.

अखेर मे महिन्यात आम्ही प्रयोग केला. काकांच्या एका मित्राची तशीच सजवलेली गाडी दोन रात्रींसाठी मागून घेतली आणि काका, काकू नि मी वणीच्या गडाकडे निघालो. पहिली रात्र पायथ्याच्या नांदुरीत, एका हॉटेलवाल्याला विचारून त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत काढली. काकू आणि मी आत, काका सवयीप्रमाणे पुढच्या आसनावर. पत्रा रात्री दहापर्यंत तापलेलाच होता. मग डोंगरावरचा वारा सुटला आणि खिडकीच्या जाळीतून चांदण्या दिसू लागल्या. खरे सांगते, ती रात्र मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी गडावरच्या सुमारे पाचशे पायऱ्या टाळून, 2018 पासून चालू झालेल्या फ्युनिक्युलर गाडीने काकूंनी कित्येक वर्षांनी सप्तशृंगीचे दर्शन घेतले. प्रवासात त्या मनसोक्त पाणी प्यायल्या, हेही लिहून ठेवते. गाडीतल्या उचलत्या शौचपात्राने ते साधले.

दुसरी रात्र परतीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपाशेजारी गेली. पहाटे पाचला मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. बुटक्या छताखाली कंबरेत वाकून काकू चहा करीत होत्या. मग पोहे. मग वीस लिटरच्या कॅनमधून जपून पाणी घेत भांडी. बाहेर घडीच्या खुर्चीवर वर्तमानपत्र उघडून काका म्हणाले, "याला म्हणतात सुख!" काकू काही बोलल्या नाहीत.

त्या बोलल्या घरी आल्यावर, निवडायला मेथी घेतल्यावर. "मला हिंडायचंय गं. पण घर संगं घेऊन कशाला? घरातून सुटका व्हावी म्हणून तर माणूस बाहेर पडतं. इथं उभ्यानं करते, तिथं वाकून करायचं, एवढाच फरक."

मी चपापले. माझ्या वहीत रुपये होते, किलो होते, युनिटे होती, न्यायालयसुद्धा होते. जिच्या नावाने सगळा बेत चालला होता तिला मात्र कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही!

तेव्हा माझे मत असे. घर फिरवू नये, माणसे फिरवावीत. काकूंना लागते ते काय? आडवे होण्यापुरती गादी, स्वच्छ शौचाची सोय आणि प्यायला पाणी. शेगडी, ओटा, मोठी टाकी यांची जरूर नाही. रस्त्याला खानावळी आहेत, आणि परगावची आमटी चाखणे हाही प्रवासच. साधी, सांगाडा न कापलेली जुनी व्हॅन घ्यावी. आतला पलंग उचलून ठेवता येईल असा असावा. म्हणजे कायद्याची अडचण नाही, वजन आटोक्यात आणि खर्च जवळजवळ निम्मा. उरलेल्या पैशांतून चाळ करायची की ठेव, हे काकांनी ठरवावे. त्यावर आमचा हक्क नाही, हे मी वडिलांनाही सांगितले आहे. आणि घेण्याआधी दोन रात्री अशा गाडीत काढून पाहाव्यात. परतल्यावर गाडीतल्या प्रत्येकाला, विशेषतः भांडी घासणाऱ्याला, कसे वाटले ते विचारावे.

काकांना हे सारे पटले, फक्त शेगडी सोडवेना. तेव्हा काकूंनी अट घातली. शेगडी राहील, पण गाडीत स्वयंपाक तुम्ही करायचा. गेल्या पंधरवड्यापासून काका खिचडी शिकत आहेत. दोनदा खाली लागली, एकदा मीठ राहिले. गाडीचा निर्णय दिवाळीनंतर व्हायचा आहे.

(तृतीय वर्ष, कला)