व्यसन : रोग कीं स्वेच्छा?

घरांतील कर्ता पुरुष दारूच्या आहारीं गेला म्हणजे त्याच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. वडीलधारीं माणसें म्हणतात, ‘मनांत आणील तर आज सोडील.’ डॉक्टर म्हणतात, ‘हा रोग आहे.’ हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. पहिलें मत मानलें तर उपाय शिक्षेचा, दुसरें मानलें तर औषधाचा. आणि निर्णय होईपर्यंत घरच्या स्त्रीचीं व मुलांचीं वर्षें निघून जातात. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करूं.

संस्कृतांत ‘व्यसन’ या शब्दाचे मुळांतच दोन अर्थ आहेत : संकट आणि दुर्गुण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राज्यावर कोसळणारी आपत्ति हेंही व्यसन आणि राजाचें द्यूत व मद्यपान हींही व्यसनेंच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत मदात्ययाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत, अंगवळणीं पडलेली अहितकर सवय एकदम न तोडतां चतुर्थांशानें कमी करीत जावी, असें सांगितलें आहे. म्हणजे वैद्यानें रोगाची चिकित्सा करावी आणि रोग्यानें आपली सवय मोडावी, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांना परस्परविरुद्ध वाटल्या नाहींत.

आधुनिक शास्त्र कोणत्या बाजूस आहे? अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेनें १९५६ सालीं मद्यासक्तीला रोग म्हणून मान्यता दिली. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंही मद्य व मादक द्रव्यें यांच्या दुरुपयोगाशीं निगडित मनोविकारांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे. नित्य मद्यपानानें मेंदूंतील सुखाची व प्रेरणेची यंत्रणा पालटते. मग मनुष्य सुखासाठीं नव्हे, तर हातांचा कंप थांबावा म्हणून पितो. अशा माणसाची दारू दटावून एकाएकीं बंद केली, तर त्याला झटके येऊं शकतात, वात होऊन प्राणावरही बेतूं शकतें. म्हणून दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यानें दारू सोडावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून मद्यासक्तीकडील कलाचा सुमारें निम्मा वांटा आनुवंशिक ठरतो.

पण निम्माच. व्हिएतनामच्या युद्धांत अनेक अमेरिकन शिपाई हेरॉइनच्या पूर्ण अधीन झाले होते. १९७१ सालीं परतलेल्या शिपायांची विचारपूस ली रॉबिन्स या विदुषीनें केली, तेव्हां असें आढळलें कीं, घरीं येतांच त्यांपैकीं बहुतेकांचें व्यसन सुटलें, आणि तेंही बहुधा उपचारांवांचून. द्रव्य तेंच, मनुष्य तोच; परिस्थिति मात्र पालटली होती.

परिस्थितीचें हें बळ पाहण्यास व्हिएतनामपर्यंत जावयास नको. बीड जिल्ह्यांतून दरसाल दसरा-दिवाळीनंतर लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पहांटे फडांत शिरावें, रात्रीं-अपरात्रीं गाडी भरावी आणि उरलेली रात्र कोपींत काढावी, असे पांच-सहा महिने. भूक मारण्यास तंबाखू, अंग दुखूं लागलें कीं दारू. दोघांच्या श्रमाची उचल मात्र बहुधा पुरुषाच्याच हातीं पडते. या माणसाच्या प्याल्यांत स्वेच्छा किती, हें सांगणें कठीण आहे. पण त्याच्या बायकोच्या सोसण्यांत ती मुळींच नाहीं, हें सांगणें कठीण नाहीं.

आणि येथेंच आम्हांस आपल्या सुशिक्षित घरांविषयीं थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. ऊसतोड्याची दारू आपण दुर्गुण म्हणतों. आपल्या घरच्या पदवीधराची दारू मात्र ‘कामाच्या ताणानें जडलेला विकार’ असते. न्याय एकच हवा. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकांतील सुधाकर वकील होता. विद्येनें त्याला वांचविलें नाहीं. सिंधूच्या सहनशीलतेवर आपण शंभर वर्षें अश्रु ढाळले, पण तिच्या सोसण्यानें सुधाकर सुधारला नाहीं, हें ध्यानांत घेतलें नाहीं. एकत्र कुटुंबांत हेंच घडतें. थोरला भाऊ कर्ज फेडतो, आई कचेरींत आजारपणाचा निरोप धाडते, सुनेला ‘बाहेर बोलूं नकोस’ म्हणून बजावलें जातें. या झांकपाकीला आपण अब्रू म्हणतों. रोगाला मात्र ती मुदतवाढ ठरते.

आमचें मत असें कीं, रोग म्हटल्यानें दोष कमी होतो, जबाबदारी नाहीं. मधुमेह झाला म्हणून आपण कोणास दूषण देत नाहीं. परंतु पथ्य त्यानेंच पाळावयाचें असतें, आणि त्याच्या पथ्यासाठीं घरच्यांनीं गोड पदार्थ दृष्टीआड ठेवावयाचे असतात. व्यसनाचेंही तसेंच आहे.

तेव्हां घरांत असा प्रसंग असेल तर तो लपवूं नये. जवळच्या शासकीय रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञास दाखवावें. पुण्यास अनिल व सुनंदा अवचट यांनीं १९८६ सालीं स्थापिलेलें ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति-केंद्र आहे. मद्यमुक्तांनींच चालविलेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या सभाही महाराष्ट्रांत भरतात. पुरुषाचें दारूचें देणें घरानें फेडूं नये. स्त्रीची मिळकत तिच्याच नांवें राहूं द्यावी. एकदां सोडून तो पुन्हां प्याला, तर विश्वासघात न मानतां रोग उलटला असें समजून पुन्हां उपचारांस न्यावा. मात्र त्यानें हात उगारला तर सून व मुलें यांचें रक्षण आधीं, उपचार मागाहून.

आणि गांवासाठीं? महाराष्ट्रांत गांवांतील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं ‘आडव्या बाटली’ला मत दिलें, तर परवान्याचें दुकान बंद होऊं शकतें. असें मतदान आपल्या गांवीं निघालें, तर वाड्यांतील स्त्रियांनीं त्या दिवशीं कोपींतील स्त्रियांच्या शेजारीं रांगेंत उभें राहावें, एवढीच आमची विनंति आहे.