विश्लेषण : ‘डिबेसमेंट’ म्हणजे नेमके काय? रुपया घसरला की हा शब्द वापरावा का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने प्रति औंस ४,००० डॉलरचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला आणि ‘डिबेसमेंट ट्रेड’ हा शब्दप्रयोग चर्चेत आला. डिसेंबरमध्ये डॉलर ९० रुपयांपलीकडे गेला. अशा वेळी समाजमाध्यमांवर डिबेसमेंट, डिव्हॅल्युएशन आणि डिप्रिसिएशन हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

डिबेसमेंट म्हणजे काय?

मुळात हा टांकसाळीतला शब्द. नाण्यावरची किंमत तीच ठेवायची, पण आतली चांदी कमी करून तांबे मिसळायचे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४४ पासून हेच केले. पूर्वी ९२.५ टक्के चांदी असलेल्या नाण्यात पुढे जेमतेम एक तृतीयांश चांदी उरली. वापरून झिजलेल्या नाण्यावर राजाचे नाक तांबूस दिसे, म्हणून लोकांनी त्याला ‘तांबडनाक्या’ म्हणायला सुरुवात केली.

आज नाण्यात चांदी नसते. त्यामुळे वाढते सरकारी कर्ज आणि जादा चलनपुरवठा यांमुळे पैशाची क्रयशक्ती झिजणे, असा या शब्दाचा अर्थ झाला आहे. या भीतीपोटी सोने किंवा बिटकॉइनकडे वळणे म्हणजे ‘डिबेसमेंट ट्रेड’. ऑक्टोबरमधली चर्चा प्रामुख्याने डॉलरबद्दल होती, रुपयाच्या विनिमय दराबद्दल नव्हे.

मग अवमूल्यन कशाला म्हणायचे?

सरकार ठरवून चलनाचा अधिकृत दर खाली आणते, ते अवमूल्यन, म्हणजे डिव्हॅल्युएशन. ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधी सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांच्या आत दोन टप्प्यांत रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले. तेव्हा तो निर्णय होता आणि त्याची तारीखही होती.

सध्या जे घडते ते काय?

मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजार ठरवतो. आयातदारांना डॉलर हवे असतात, परदेशी गुंतवणूकदार पैसे काढून घेतात, डॉलरची मागणी वाढते आणि रुपया घसरतो. ही घसरण म्हणजे डिप्रिसिएशन. हिशेबाच्या वहीत याच इंग्रजी शब्दाला ‘घसारा’ म्हणतात. तो यंत्रांचा, चलनाचा नव्हे. रिझर्व्ह बँक डॉलर विकून घसरणीचा वेग कमी करू शकते, पण दर जाहीर करत नाही.

टक्केवारीत कुठे चूक होते?

१९६६ मध्ये डॉलर ५७ टक्क्यांहून अधिक महागला, पण रुपयाचे मूल्य ३६.५ टक्क्यांनी घटले. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजणी वेगवेगळ्या बाजूने आहे. ‘रुपया ५७ टक्के घसरला’ हे वाक्य मात्र चूक.

या काटेकोरपणाने काय फरक पडतो?

‘सरकारने अवमूल्यन केले’ असे म्हटले की सरकारने निर्णय घेतल्याचा दावा होतो. तसा निर्णय झालेला नसेल तर तो दावा एका ओळीत खोडता येतो आणि खरे प्रश्न बाजूला पडतात: व्यापारी तूट का वाढली, परदेशी पैसा का गेला, रिझर्व्ह बँकेने हस्तक्षेप किती आणि केव्हा केला? मुलांची परदेशातली फी भरणाऱ्या घराला चटका तोच बसतो. पण जाब कोणाला आणि कशाबद्दल विचारायचा, हे योग्य शब्दावरून ठरते.