कमी बजेटमधून काय वगळायचे?

तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त सुरू होतात आणि आपल्या स्टुडिओत रोज तोच प्रश्न येतो : ‘‘कमीत कमी कितीत करून द्याल?’’ अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण ड्रोन, टीझर आणि जाडजूड करिज्मा अल्बम तसाच ठेवतात आणि दुसरा फोटोग्राफर काढून टाकतात. कोटेशनमध्ये ड्रोन उठून दिसतो, दुसरा माणूस दिसत नाही. आमच्या मते काटछाट नेमकी उलट व्हायला हवी.

मराठी लग्न एका कॅमेऱ्यात मावत नाही. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा मुलगा, दुसऱ्या बाजूला मामाने आणून उभी केलेली नवरी. मंगलाष्टका चालू असताना दोघांच्या चेहऱ्यांवर काय काय येऊन जाते! शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री कडाडते, अक्षता उडतात आणि हार गळ्यात पडेपर्यंत हाती असतात मोजके क्षण. त्यात अक्षता टाकायला पुढे सरकलेले पाहुणे आणि त्यांचे उंचावलेले मोबाइल. एकटा फोटोग्राफर एक चेहरा टिपतो. दुसरा कायमचा हुकतो. सप्तपदीला किंवा कानपिळीला गुरुजींना विनंती करून जरा थांबता येते, इथे मुहूर्त कोणासाठी थांबत नाही.

म्हणून 35 हजारांत काम मागणाऱ्या घराला स्पष्ट सांगा, ड्रोन नको. कार्यालयाच्या पत्र्यावर घिरट्या घालून हाती फारसे लागत नाही. शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागते. प्री-वेडिंगही सोडा. अल्बमची पाने निम्मी करा. पुढे पैसे जमले की मोठा अल्बम करून घेता येतो. दुसरा माणूस मात्र हवाच, आणि एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेराही.

हे सारे लिहून घ्या. रॉ फाइल्स देणार का, डेटा किती महिने जपणार, फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायचे का, हे आधी न ठरल्यामुळेच वाद पेटतात. वेगळा करार नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, आपण नव्हे. याच अंकात कराराचा नमुना दिला आहे. मुलीच्या आईवडिलांना स्वतः वाचून सही करता यावी, म्हणून तो मराठीत आणि एकाच पानाचा ठेवला आहे.