५३ मिनिटांचा हिशेब

माळशेज घाट ओलांडून, ओतूर आणि आळेफाटा मागे टाकून कल्याण–अहिल्यानगर महामार्ग आणे घाट चढतो, तोवर जुन्नर तालुक्यातला पाऊस विरत आलेला असतो. पश्चिमेला भातखाचरे, पूर्वेला पठारावर आणे, पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी ही पाणीटंचाईची गावे. मिलिमीटर लहरींचे पावसाशी वाकडे, तेव्हा मनोऱ्यांना जोडणारी बिनतारी लिंक टाकायची ती इथेच, असे आपल्यातले बरेच जण नकाशा पाहून म्हणतील. आमचे मत वेगळे आहे.

लिंकला वर्षाच्या बेरजेशी देणेघेणे नसते, तिला धार भोवते. ४० मिलिमीटर पाऊस आठ तास रिपरिपत पडला, तर ८० गिगाहर्ट्झवर किलोमीटरमागे चार डेसिबलच्या आत भागते. तोच वळवाने ४० मिनिटांत ओतला, तर किलोमीटरमागची घट २१ डेसिबलच्या आसपास जाते आणि दोन किलोमीटरची लिंक आडवी होते. रोजच्या पर्जन्यमापकाच्या वहीत दोन्ही दिवशी आकडा एकच! पर्जन्यछायेत तर बराच पाऊस वळवाचा आणि परतीचा, म्हणजे थोडा वेळ पण जोराचा. ९९.९९ टक्के उपलब्धता लिहून दिली की वर्षाकाठी जेमतेम ५३ मिनिटे माफ असतात. असे दोन वळीव झाले की ती संपली.

म्हणून पठारावर ८० गिगाहर्ट्झ एकटे नको. जोडीला १५ गिगाहर्ट्झ हवेच. ताशी ५० मिलिमीटरच्या धारेत तिथे किलोमीटरमागे साडेतीन डेसिबलच जातात. वेग घसरेल, संपर्क तुटणार नाही. शिवाय ३० सेंटिमीटरच्या डिशचा झोत ८० गिगाहर्ट्झवर एक अंशाहून अरुंद असतो. उघड्या पठारावरच्या वाऱ्यात हलणारा हलका खांब इथे चालणार नाही.

२०२२ च्या लिलावात विकल्या गेलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याबद्दलही स्पष्ट बोलावे. गावठाणातल्या दाटीच्या घरांना तो उपयोगी. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांसाठी त्याचा आग्रह धरणे म्हणजे फक्त सादरीकरणाची हौस.

याच भागात खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत. ती मीटर लहरी ऐकते, म्हणून ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांना तारेच्या जाळीवर भागवता आले. २६ गिगाहर्ट्झची आपली साडेअकरा मिलिमीटरची लहर त्या जाळीतून बरीचशी निसटून जाईल. पट्टे इतके दूर असल्याने आपला तिथे काही संबंध नाही, असे मात्र समजू नये. आपल्या पेटीतले स्विचिंग पॉवर सप्लाय आणि डिजिटल घड्याळे नेमकी मीटर लहरींतच कुजबुजतात. शिल्डिंग आणि अर्थिंगमध्ये काटकसर करू नका.

आता प्रश्न धारेच्या नोंदींचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे (आयटीयू) गणित मिनिटागणिक पाऊस मागते, आणि तालुक्याला हाताशी असते ती दिवसाची बेरीज. पण आपल्या चालू लिंकची ग्रहण-पातळी हाच एक पर्जन्यमापक आहे. इस्रायली संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये ते मांडले. आपली यंत्रे ही पातळी सतत मोजतात, आपण मात्र ती १५ मिनिटांच्या किमान-कमाल आकड्यांत गुंडाळून ठेवतो. जुन्नर–आंबेगावात लिंक सांभाळणाऱ्यांनी मे ते ऑक्टोबर मिनिटाची नोंद चालू ठेवावी, सोबत लिंकची लांबी, वारंवारता आणि ध्रुवीकरण लिहावे. ग्राहकांची नावे गाळून पाठवलेल्या नोंदी आम्ही छापू.