आधी कान, मग जीभ

जळगाव जिल्हा केळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. केळ्याला इंग्रजीत 'बनाना' म्हणतात. या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'ए' हे अक्षर तीन वेळा येते. म्हणून एखादा विद्यार्थी 'बानाना' असे वाचतो आणि सारा वर्ग हसतो. हे हसणे मला योग्य वाटत नाही. त्या मुलाने जसे लिहिले आहे तसेच वाचलेले असते.

मग इंग्रज माणूस हा शब्द कसा उच्चारतो? तो मधल्या 'ना'वर जोर देतो. पहिला आणि शेवटचा स्वर तो इतका हलका करतो, की ते आपल्या 'अ'सारखे ऐकू येतात. इंग्रजी शब्दात सहसा एका भागावर जोर असतो. बाकीचे स्वर पुष्कळदा दुबळे होतात. या दुबळ्या स्वराला 'श्वा' असे नाव आहे. वाक्यातील लहान शब्दांचेही असेच होते. 'कप ऑफ टी' म्हणताना मधला 'ऑफ' जेमतेम ऐकू येतो.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. उर्दूत 'किताब' लिहिताना काफखाली बहुधा जेर देत नाहीत. तरी तुम्ही 'किताब' असेच वाचता, कारण तो शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकला आहे. मराठीत 'घर' हा शब्द लिहिताना 'र' पूर्ण लिहितात; पण बोलताना त्यातला 'अ' गळून पडतो. म्हणजे लिहिणे आणि बोलणे यांत तिन्ही भाषांत थोडे अंतर आहेच. ते अंतर डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळते.

काही लोक म्हणतात, "इंग्रजांसारखे उच्चार आले नाहीत, तर इंग्रजी आलेच नाही." हे मला पटत नाही. आपण सगळे स्वर स्पष्ट उच्चारले, तरी आपले बोलणे समजते. मात्र दुबळे स्वर ओळखण्याची सवय कानांना हवी. ती नसेल, तर भरभर बोललेले इंग्रजी आपल्याला कळणार नाही. पुस्तकात ओळखीचा असलेला शब्दही ऐकताना अनोळखी वाटेल.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपली गाणी ऐकलेल्या बोलीतच रचली. त्या बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो. त्या बोलीला कोणी हसले असेल, तर त्याचेच नुकसान झाले. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

जळगाव-धुळ्याकडच्या मुलांच्या कानांवर उर्दू, मराठी, अहिराणी अशा अनेक भाषा पडतात. ही आपली श्रीमंती आहे. म्हणून मित्रांनो, कोणाच्या उच्चाराला हसू नका. इंग्रजी शब्द नुसता वाचू नका, तो ऐका. आधी कान तयार झाला, की जीभ आपोआप वळते.