परसातली खोली

भोपाळला दिलेल्या लेकीचा परवा फोन आला. सासूबाईंसाठी परसात, आपल्या हित्तलात म्हणा ना, खोली आणि स्वयंपाकघर काढायचे आहे. ‘जागा आपली, मग परवानगी कशाला?’ हा जावईबापूंचा सवाल.

तिकडे मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012 लागू आहेत. घराभोवती सोडायची मोकळी जागा आणि एफएआर, म्हणजे महाराष्ट्रातला एफएसआय, दोन्ही पाहावे लागतात. आधी नकाशा महापालिकेकडून मंजूर, मगच पाया. मोकळी जागा बुजली की शेजाऱ्याचा उजेड जातो, आगीच्या वेळी वाट उरत नाही.

म्हातारपणी हक्काची खोली द्यायची, तर ती पाडण्याची नोटीस सासूबाईंच्या हाती पडू नये, एवढे बघा!